अक्का, तुमचा रंग डबीत नव्हता

अक्का, तुम्हाला शेवटची विभूती मी लावली. बायका म्हणाल्या, धाकटी जाऊ आहे, तिचाच हात लागू द्या. आपल्यात बसवतात तसं तुम्हाला अंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि मान सारखी डावीकडं कलत होती. मी एका हातानं हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताच्या तीन बोटांनी कपाळावर पट्टे ओढले. ओल्या कपाळावर ते आधी दिसेचनात. वाळत गेले तसे उमटले, पांढरेशुभ्र. शेजारची कुणीतरी म्हणाली, "कसं तेज दिसायलंय बघा." मला तिथून उठून जावंसं वाटलं. दुःखानं नाही. तुमच्या या चेहऱ्याशी मी एकदा बेइमानी केली होती, आणि ते तुम्हाला आणि मला, दोघींनाच माहीत होतं. आता ते मला एकटीलाच माहीत उरलं होतं.

मी बोलणारी बाई नाही. तुम्ही म्हणायच्या, "शोभाच्या तोंडून शब्द काढायचा म्हंजे आटलेल्या बोअरला मोटर लावायची." एका स्वयंपाकघरात आपला जन्म गेला. तुमच्याशेजारी बसून मी पोत्यांनी शेंगा सोलल्या असतील, पण जे बोलायचं होतं ते राहिलंच. म्हणून लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही हे कळतं मला. कदाचित म्हणूनच लिहिता येतंय.

तुमच्या सुवर्णाची पोरगी सुट्टीला आली होती आणि जाताना रंगपेटी विसरून गेली, तिथून सगळं सुरू झालं. तुम्ही ती परत पाठवणार होता. आधी उघडून बघितली, मग एक डबी बघितली, मग पोरीच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं. त्याच महिन्यात आमचा महेश पुण्याला नोकरीला लागला आणि त्याचा जुना टॅब, पेनसकट, माझ्या गळ्यात घालून गेला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसायचं. भावजी आणि आमचे हे आत येऊन आडवे व्हायचे. आपण दोघी मागच्या खोलीत बसायचो. टॅबवर एक बाई हिंदीतून चित्रकला शिकवायची. तुम्ही तिचं ऐकून कागदावर काढायच्या आणि मी तिचं ऐकून टॅबवर. कागद वाया जाईल याची मला भीती वाटायची. तुम्हाला कशाचीच वाटायची नाही.

सुरुवातीला तुमचं सगळं बिघडायचं. रंग वाळला की त्यावर पांढुरकी पूड यायची, घागरीच्या बुडाला येते तशी. आपण दोघी समजलो की हातच वाईट आहे. नंतर एक दिवस तुम्ही रंगाची वाटी उन्हात धरून बघितली आणि म्हणालात, "हात कशाचा वाईट, पाणी वाईट हाय. बोअरचा क्षार हाय हा." त्या दिवसापासून तुम्ही पिण्याच्या जारमधलं पाणी घ्यायला लागलात. भावजींनी एकदा बघितलं.

"प्यायचं पाणी रंगाला?"

"तुमच्या चहाला घालते ते रंगालाच की."

ते परत जाऊन झोपले.

माझं मात्र काहीच बिघडायचं नाही. चुकलं की काचेवर दोन बोटं टेकवायची, रेघ गायब. तुम्हाला ते बघून इतकं हसू आलं होतं. तुमच्या कागदावर निळ्याचा मोठा थेंब सांडला होता, तुम्ही त्यावर दोन बोटं टेकवून बघितली. "जाईना गं," म्हणालात, आणि ती दोन निळी बोटं माझ्या गालाला पुसली. माझा तळहात काचेला टेकून भलत्याच रेघा उमटायच्या, तर तुम्ही ब्लाउजच्या उरलेल्या अस्तराचा एक हातमोजा शिवून दिलात, फक्त करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट झाकणारा. तो घालून बसले की तुम्ही म्हणायच्या, "आल्या बघा डॉक्टरीणबाई."

आणि तो वाद. तो आपला कधी मिटलाच नाही. तुम्ही म्हणायच्या, "तुझ्या मशीनमधी चूक राहतच न्हाई. मग तू शिकतीस कशावरून?" मी म्हणायची, "चूक ठेवून काय करायचंय? लोणचं घालायचंय का?" तुम्ही म्हणायच्या, "ठेवायची न्हाई, पण बघायची तरी. तू तर बघायच्या आत पुसायलीस." त्यावर मी तुमचा कागद कसा फुगलाय ते दाखवायची. कागद खरंच पापडासारखा फुगायचा.

मग चेहऱ्याचा धडा आला. त्या बाईनं सांगितलं, आरसा समोर ठेवा आणि स्वतःला काढा. तुम्ही पेटीतली एक डबी उचलली.

"शोभा, हिच्यावर स्किन कलर लिहिलंय."

"मग लावा की."

तुम्ही मनगटावर एक बोट ओढलं. फिकट गुलाबी, डाळिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखं. तुम्ही हात लांब धरून बघितला. "हे कुणाचं स्किन हाय गं? भाजलेल्या माणसाचं?" मला हसू आलं. तुम्ही माझा हात ओढून त्यावरही एक बोट ओढलं. "तुझं पण न्हाई," म्हणालात. माझं हसू तिथंच थांबलं. तुम्ही बघितलं की नाही, माहीत नाही.

आता हे लिहायलाच पाहिजे. मी या घरात आले तेव्हा ओटी भरताना सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आता कुठं घरात उजेड आला." तुम्ही माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होता. तुम्ही हसलात आणि तांब्या माझ्या हातात दिलात. पेडगावहून तुम्ही या घरात आलात तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या, ते मला नंतर कळलं. ते इथं लिहीत नाही. पण मी काय लपवत आले ते लिहिते. सासूबाईंचं ते बोलणं मला आवडलं होतं. नवी नवरी होते, अक्कल नव्हती, असं म्हणता येईल. पण ते मला पुढंही आवडत राहिलं. घराचा कारभार तुमच्याकडं, पुरणाचा हात तुमचा, दुकानात कुठला माल भरायचा हे भावजी तुम्हाला विचारून ठरवायचे. माझ्याकडं काय होतं? चुडाव्याच्या एका मास्तराची गोरी मुलगी, एवढंच. तुमच्याशेजारी उभी राहिले की मला बरं वाटायचं. असं बरं वाटणं किती हलकं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तुम्ही स्किन कलरची डबी बाजूला ठेवली आणि तुमचा रंग शोधायला लागलात. तपकिरीत लाल घालून बघितलं, तर वीट झाली. काळं घालून बघितलं, तर मेल्यासारखं झालं. ती हिंदीतली बाई म्हणाली होती की सावलीत काळं घालू नका, निळं घाला. तुम्हाला पटत नव्हतं. "माझ्यात निळं कुठाय?" पण घातलंत, अगदी थेंबभर, आणि वाटीतला रंग एकदम जिवंत झाला. तुम्ही वाटी हातावर धरली. वाटी कुठली आणि हात कुठला, कळेना. "आत्ता गं माय," एवढंच म्हणालात, हळूच, कुणी झोपलंय म्हणून बोलावं तसं.

विभूतीनं तुम्हाला लय छळलं. कागदावरच्या रंगात पांढरं वरून लावता येत नाही, ते आधीच सोडायला लागतं, आणि तुम्ही दर वेळी विसरायच्या. एकदा तर देवघरातली खरी विभूती आणून चित्राच्या कपाळावर चोळलीत. मी म्हणाले, "अक्का, कागद उद्या पायाखाली गेला तर?" तुम्ही घाबरलात, कागद कपाळाला लावून कपाटावर ठेवलात. तो अजून तिथंच असेल. मग तुम्हाला सुचलं. लाइट जाते तेव्हाचं मेणबत्तीचं बुटूक घेऊन कोऱ्या कपाळावर तीन पट्टे ओढलेत. काहीच दिसत नव्हतं. वरून रंगाचा कुंचला फिरवला, मेणावर रंग धरला नाही, आणि त्या काळ्यासावळ्या कपाळावर विभूती उजळली.

एक डोळा थोडा मोठा झाला होता. नाक पसरलं होतं, पण तुमचं नाक तसंच आहे. तुम्ही म्हणालात, "फोटो काढ आन् सुवर्णाला पाठव." मी टॅबवर फोटो काढला. म्हणाले, पाठवते.

पाठवला नाही. आधी तो चित्रांच्या अ‍ॅपमध्ये घेतला. त्यात एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे लेअर असतात. खालच्या चित्राला हात न लावता वरच्या लेअरवर काहीही रंगवता येतं. मी वरचा लेअर उघडला आणि तुमचा डोळा नीट केला. मग नाक चिमटीत धरल्यासारखं बारीक केलं. मग तुम्हाला गोरं केलं. अगदी थोडं, मग अजून थोडं. हात थांबेना. एवढं उजळ झाल्यावर कपाळावरची विभूतीच दिसेनाशी झाली. गोऱ्यात पांढरं बुडून गेलं. तेव्हा तरी थांबायचं. मी त्या पट्ट्यांना करडी किनार काढली, दिसावेत म्हणून. आणि ते चित्र एकट्या सुवर्णाला नाही, घरच्या ग्रुपवर पाठवलं. खाली लिहिलं, अक्कांनी स्वतः काढलेलं.

संध्याकाळपर्यंत ग्रुप भरून गेला. अक्का लय गोड दिसायल्यात. अक्का, पार्लरला कवा गेला होता? ओळखूच येईनात. भावजी स्वतः ग्रुप कधी उघडायचे नाहीत; तुम्ही ते त्यांच्या फोनवर बघितलं आणि स्वयंपाकघरात आलात. मी भाकरी थापत होते.

"शोभा, ही बाई कोण हाय?"

"तुमीच की."

"मी?"

"फोटो काळा आला होता अक्का, म्हणून जरा लाइट दिला."

"फोटो काळा आला होता," तुम्ही माझंच वाक्य परत म्हणालात. "आसं व्हय."

आणि परातीतलं पीठ स्वतःकडं ओढून घेतलंत. भांडला असता तर मी रडले असते, पाया पडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही मला तेवढीही जागा दिली नाही. म्हणालात, "सर तिकडं, तवा तापलाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मागच्या नळाखाली तो कागद धूत होता. कढीपत्त्याच्या बुडाशी तपकिरी पाणी चाललं होतं. मी विचारलं, काय करायलात. "कागद चांगला जाड हाय. पाठीमागून वापरता येईल." त्या पाठीमागच्या बाजूवर तुम्ही वांगी काढलीत. पुढं मिरच्या काढल्या, लसूण काढला, गॅसचा लायटर काढला. सुरेख यायला लागलं होतं तुम्हाला. पण चेहरा पुन्हा काढला नाहीत, स्वतःचा नाही, कुणाचाच नाही. मी तुमच्या समोर बसून फुलं काढत राहिले.

तुमचं खरं चित्र नळाखाली गेलं असलं तरी मेलं नव्हतं. माझ्या लेअरच्या खाली तसंच होतं. वरच्या लेअरसमोर डोळ्याचं बारीक चिन्ह असतं, त्याला बोट लावलं की वरचं झाकतं आणि खालचं दिसतं. एका बोटाचं काम. कितीदा वाटलं, टॅब तुमच्या मांडीवर ठेवावा. पण तुम्ही विचारलं असतं, झाकलंस कशाला? आणि मला खरं सांगावं लागलं असतं. लाइट द्यायला नव्हतं झाकलं, अक्का.

तुम्ही गेलात आणि गणाराधनेला, तुमच्या दिवसांच्या जेवणाला, लावायला घरात तुमचा एक धड फोटो निघेना. सगळ्यांत तुम्ही मागं, नाहीतर वाढायला वाकलेल्या. सुवर्णा नांदेडहून आलेली, रडून रडून घसा बसलेला. माझ्याजवळ आली. "काकू, आईचं ते चित्र तुमच्याकडं हाय ना? ग्रुपवर टाकलेलं? तेच मोठं करून लावू. आईच्या हातचं हाय."

पाठवून देता आलं असतं. भिंतीवर मी केलेली एक बाई लागली असती, तिला हार घातला असता, लोक तिच्या पाया पडले असते, आणि तुमच्या हातचं म्हणून ती जन्मभर सुवर्णाच्या घरात राहिली असती. मी उठून टॅब आणला. म्हणाले, बस. चित्र उघडलं आणि त्या डोळ्याला बोट लावलं.

तुम्ही समोर आलात. सुवर्णा बघत राहिली. तिनं बोटानं वरचा लेअर दाखवला, परत झाकला, परत दाखवला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"कशाला?"

"मला बघवलं न्हाई," मी म्हणाले. "त्या एवढ्या चांगल्या दिसायल्या होत्या, ते मला बघवलं न्हाई."

इतकं खरं मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. मला वाटलं ती ओरडेल. ती तुमची पोरगी आहे, ओरडली नाही. तिनं विचारलं, "माझा स्थळाचा फोटो स्टुडिओत तुमीच दिला होता ना, काकू?"

मी मान डोलावली.

"तो फोटो बघून सेलूचे लोक मला बघायला आले होते. ती बाई आईला म्हणाली, फोटोतली पोरगी कुठाय, तिला आणा. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी. आईला मी नंतर विचारलं, फोटो कुणी उजळ करायला सांगितला. आई म्हणाली, स्टुडिओवाल्यानं आपल्या मनानं केला." तिनं वरचा लेअर परत झाकला. "तुमचं नाव न्हाई घेतलं तिनं. मीच ओळखलं होतं."

अक्का, स्टुडिओवाल्याला उजळ करायला मीच सांगितलं होतं, म्हणजे तुम्हाला तेही माहीत होतं. तेव्हापासून माहीत होतं, आणि तरी हातमोजा शिवून दिलात. तुमचं मन मोठं होतं म्हणून, की माझ्याकडून तुम्ही दुसरी कसली अपेक्षाच ठेवली नव्हती म्हणून? मला हे विचारायचं आहे आणि विचारायला कुणी नाही.

सुवर्णानं खालचं चित्र फ्लेक्सवाल्याला पाठवलं. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"ताई, चित्र जरा डार्क हाय. उजळ करून घेऊ का? सगळेच घेतेत."

"नको. हाय तसं."

"फुकट करतो ताई, त्याचे वेगळे न्हाई लावत."

"भैया, हाय तसं म्हणले ना."

गणाराधनेच्या दिवशी तुम्ही मांडवात सगळ्यांच्या समोर होता, दोन वेगवेगळ्या डोळ्यांच्या, रुंद नाकाच्या. दोघी-तिघी कुजबुजल्या, लय काळं आलंय, ते ग्रुपवरचं बरं होतं. मी त्यांच्या पंक्तीत वाढत होते. म्हणाले, ते मी बिघडवलेलं होतं, हे त्यांनी काढलेलं आहे. त्यांना काही कळलं नाही. एकीनं ताट पुढं करून भात मागितला. भावजी मात्र जेवणं झाल्यावर रिकाम्या मांडवात खुर्ची टाकून चित्रासमोर बसले होते. मी उष्टी काढत होते, तर मला म्हणाले, "हिनं काढलंय हे?"

"हो."

"मला तर कवाच दाखवलं न्हाई."

त्यांना काय सांगू? मी म्हणाले, "राहून गेलं असेल." हे खोटंच होतं. सवय एका दिवसात जात नाही.

सुवर्णा काल गेली. मी धपाटे करून दिले, तिला आवडतात म्हणून. तिनं डबा घेतला आणि म्हणाली, "डबा पाठवते परत." घरच्या माणसाला कुणी असं म्हणत नाही. ती माझ्या पाया पडली, वाकून नीट पडली, आणि रिक्षात बसल्यावर मागं बघितलं नाही. तिची चूक नाही. तुमचं माझ्यावर रागवायचं जे राहून गेलं, ते आता तिच्या वाट्याला आलंय.

दुपारी मागच्या खोलीत मी एकटी बसते. टॅब उघडत नाही. तुमच्या पेटीतले रंग घेऊन कागदावर बसते, जारचं पाणी घेऊन, आणि कागद फुगतो. तपकिरी, लाल, थेंबभर निळं. तुमचा रंग येत नाही. तुमच्यासमोर तुमचा हात होता, त्याला वाटी लावून बघता येत होती. मी कशाला लावून बघू?

एक सांगायचं राहिलं, अक्का. त्या दिवशी तुम्ही मेणावरून कुंचला फिरवलात, कपाळ उमटलं, आणि तुम्ही चित्र माझ्यासमोर धरून "कसं झालं?" म्हणून विचारलंत. मी म्हणाले, डोळा मोठा झालाय. पण डोळा मला नंतर दिसला होता. त्याच्या आधी, सगळ्यात आधी, माझ्या मनात आलं होतं, काय देखणी बाई आहे ही. ते तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही वाट बघत उभ्या होता, आणि मी ते गिळलं.